मुजावर गुरुजींचा डमी अर्ज

मुजावर गुरुजींना त्या सहलीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब मी गाडी घाटाला लागायच्या आतच करून टाकला होता. मुलीची नेमणूक. बस, एवढंच. बाकीच्यांच्या अपेक्षा मोजायला बसलो असतो तर घाट पुरला नसता.

"गुरुजी, तुम्ही खिडकीत बसा," भोईटे बाई पुढच्या सीटवरून वळून म्हणाल्या. "तुम्हाला घाटात उलटी होते."

"नाही होत हो, बाई."

"होते. शिक्षक अधिवेशनाला जाताना झाली होती, माझ्या चपलेवर. शेटे, ऊठ. त्यांना खिडकी दे."

मी उठलो. चाळिशी ओलांडलेली, बाजारपेठेत वह्यापुस्तकांचं दुकान, चारचौघांत शेटेशेठ म्हणून मान. पण बाईंनी मला चौथीला शिकवलं होतं, आणि त्यांच्या लेखी मी अजून चौथीतच होतो.

ही सहल शाळेची नव्हती. आमच्या नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाच्या सभापतीची निवड दोन दिवसांवर आली होती. मंडळाचे सदस्य नऊ. पाच आमच्याकडे, चार पाटसकर कंत्राटदाराकडे. एक जण फुटला की खेळ खलास. म्हणून मतदानाच्या सकाळपर्यंत आपली माणसं उचलून दूर कुठंतरी नेऊन ठेवायची, ही आपल्याकडची रीत. मोठ्या सभागृहांचे लोक विमानानं जातात, आम्ही कुणाच्या तरी मेहुण्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरनं कोकणात चाललो होतो. तरीसुद्धा आपल्याला पळवून नेण्याइतकी किंमत आली, याचा बंडू काळोखेला इतका अभिमान वाटत होता की तो दर टपरीला गाडी थांबवून दोस्तांना फोन करू बघत होता. बाई थांबू देत नव्हत्या.

"बाई, कैदी आहे का मी?"

"नाहीस. सहलीला आलेला विद्यार्थी आहेस. कैद्यांना फोन असतो."

भोईटे बाई सभापतिपदाच्या उमेदवार होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, शिक्षक संघटनेत वीस वर्षं घालवलेल्या, मंडळावर दोनदा आलेल्या आणि दोन्हीदा सभापतिपद ऐनवेळी हातातून गेलेल्या. पाटसकरला सभापती व्हायचं होतं ते शिक्षणाच्या प्रेमानं नव्हे. शाळा नंबर चार, म्हणजे आमची कन्याशाळा, भर बाजारपेठेत उभी होती आणि तिच्या मागच्या चार खोल्यांत उर्दू शाळेच्या मुली बसत. त्या जागेवर व्यापारी संकुल उभं करायचं आणि शाळा जकात नाक्याच्या पलीकडे हलवायची, असा ठराव पाटसकरच्या खिशात तयार होता. ठराव मांडायचा की नाही, हे सभापतीच्या हातात. नाक्यापलीकडे दारूची दोन दुकानं आणि ट्रकचा तळ. तिथं कोण आपली मुलगी पाठवणार होतं? माझंही दुकान त्या शाळेसमोरच होतं, हेही सांगून टाकतो. म्हणजे माझी तत्त्वनिष्ठा किती वजनाची होती ते कळेल.

आणि गुरुजी. इक्बाल मुजावर. उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, मंडळावर शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतलेले. त्यांची नसीम डी.एड. होऊन घरी बसली होती. उर्दू शाळेत दोन जागा रिकाम्या होत्या, गुणांनी ती पहिली होती, आणि नोकरीला लागायचं तिचं वय पुढच्या वर्षी संपत होतं. गुरुजींना पाटसकरनंही नेमणुकीचा शब्द दिला होता. तरी ते आमच्या गाडीत बसले होते, कारण बाईंनी सांगितलं होतं, "गुणांनी पहिली असेल तर पहिलीच लागेल. माझ्या मंडळात यादी वरून खाली वाचतात."

या एका वाक्यावर गुरुजी आले होते.

लॉज समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. बाईंनी आल्या आल्या मालकाकडून फोनच्या खोलीची किल्ली घेतली आणि पदराला बांधली. सकाळी नाश्त्याला हजेरी, दुपारी जेवायला हजेरी, संध्याकाळी वाळूत फिरून आल्यावर हजेरी. उषाताई निकम, माजी नगराध्यक्षांच्या सूनबाई, पहिल्या दिवशी हसून "हजर, बाई" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली.

कारण दुसऱ्या दिवशी कुणालाच बसवत नव्हतं. मला तुम्ही विचाराल तर माणसाला कोंडून ठेवलं की त्याला पळायचं सुचतं असं नाही. शेजारचा पळेल असं वाटायला लागतं. काळोखे संडासला जास्त वेळ बसला तरी उषाताई दाराकडे बघत. मी मालकाशी भाड्याबद्दल बोललो तर काळोखे मागं येऊन उभा. गुरुजी मात्र आरामखुर्चीत बसून समुद्राकडे बघत होते.

"काय बघताय, गुरुजी?"

"नसीमला दाखवायला पाहिजे. तिनं फक्त नकाशात बघितलाय." मग म्हणाले, "शेटे, पहिला पगार झाला की घेऊन येईन म्हणतो तिला. तुमच्या ओळखीनं खोली स्वस्तात मिळेल ना?"

"फुकट मिळवून देतो."

"फुकट नको. स्वस्तात."

दुपारी चारच्या सुमाराला पांढरी जीप आली. आमदार आबा नरवडे स्वतः उतरले. आबा म्हणजे आमच्या भागाचा मालक. पाटसकर त्यांचाच माणूस. काळोखे खिडकीतून ओरडला, "आला! आता हात मुरगळणार!"

आबांनी वाकून बाईंच्या पायाला हात लावला. तेही बाईंच्याच वर्गातले, माझ्या एक वर्ष पुढं.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"बोल की. हे सगळे मंडळाचेच आहेत."

"एकट्यात."

बाई चपला घालून त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेल्या. आम्ही चौघं गॅलरीत. शब्द ऐकू येत नव्हते, पण मी तोंडं वाचायचा धंदा करतो, गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच ते घेणार की नुसतं हाताळून जाणार हे मला कळतं. आबा पहिल्यांदा घेणाऱ्याच्या तोंडानं बोलत होते. बाई हाताळणाऱ्याच्या. मग बाई थांबल्या, काहीतरी म्हणाल्या, आणि आबांनी डोकं खाजवलं. मग दोघंही परत आले, बाईंनी पदराची किल्ली सोडली, फोनची खोली उघडली. आबा आत बसून मुंबईला कुणाशी तरी बराच वेळ बोलले. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, पाढे म्हणून घेताना उभ्या राहायच्या तशा.

जाताना आबा म्हणाले, "मग शब्द?"

"शब्द," बाई म्हणाल्या.

जीप गेली. काळोखे पहिल्यांदा बोलला. "कसला शब्द, बाई?"

"संध्याकाळची हजेरी झाली का?"

"ते सोडा! कसला शब्द?"

"बंडू, उद्या सकाळी सहाला निघायचंय. बॅग भरून ठेव."

उषाताई माझ्याकडे वळल्या. "शेटेशेठ, बाईंनी आपल्याला विकलं बघा."

त्यांच्या डोक्यात जो हिशेब चालला होता तोच माझ्याही. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक दोन-तीन महिन्यांवर होती. तिथून विधान परिषदेवर जायची बाईंची इच्छा सगळ्या जिल्ह्याला माहीत होती आणि तिकीट आबांच्या शिफारशीशिवाय मिळत नव्हतं. एका नगरपालिकेचं शिक्षण मंडळ एका पारड्यात, मुंबईचं सभागृह दुसऱ्यात. मी असतो तर काय केलं असतं? तराजू हातात तरी धरला असता का?

गुरुजी तेवढे शांत होते. "बाई तशा नाहीत," एवढंच म्हणाले आणि परत समुद्राकडे बघायला लागले.

सकाळी घाट चढताना एका फाट्यावर काळोखेनं पेपर घेतला. बातमी आतल्या पानावर, पण चौकटीत होती: शिक्षक मतदारसंघासाठी पक्षातर्फे श्रीमती यमुनाबाई भोईटे. काळोखेनं ती मोठ्यानं वाचली. बाईंनी पेपर मागून घेतला, बातमी वाचली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"आता उतरतो मी इथंच," काळोखे म्हणाला.

"उतर. पण अकराला सभागृहात ये. मत मला द्यायचं नसेल तर नको देऊस, पण गैरहजर राहू नकोस. गैरहजेरीचं मला चालत नाही."

तो उतरला नाही. कोकणातल्या फाट्यावर उतरून गावाला कसं यायचं, हा प्रश्न रागापेक्षा मोठा होता.

अकराला नगरपालिकेच्या सभागृहात आम्ही नऊ जण, पीठासीन अधिकारी म्हणून आलेले तहसीलदार आणि मंडळाचा लेखनिक. आबा बाहेर नगराध्यक्षांच्या दालनात चहा घेत बसले होते, निकाल ऐकायला. पाटसकरच्या शर्टाला इस्त्री इतकी कडक होती की तो हार घालून घ्यायच्या तयारीनंच आला होता हे कुणालाही कळलं असतं.

तहसीलदारांनी अर्ज नुसते चाळले. मग म्हणाले, "माघारीसाठी पंधरा मिनिटं."

बाई लगेच उठल्या. "माझा अर्ज मी मागं घेते."

उषाताईंनी "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. काळोखेनं बाक असा ढकलला की तो मागं पडला. पाटसकर उठून हात जोडायलाही लागला. तहसीलदार म्हणाले, "बसा, बसा. अजून माघारीची वेळ आहे. सध्या रिंगणात दोन उमेदवार. श्री. रमेश पाटसकर आणि श्री. इक्बाल मुजावर."

सभागृहात पंख्याचा आवाज येत होता, तो तोवर मला ऐकूच आला नव्हता.

आता हे सांगायला हवं. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर पंचाईत नको म्हणून त्याच्याबरोबर एक डमी अर्ज भरतात. सगळेच भरतात आणि छाननी झाली की काढून घेतात. पाटसकरनं आपल्या डमीचा काढून घेतला होता. आमचा डमी म्हणून बाईंनी गुरुजींची सही घेतली होती. "नुसती सही, गुरुजी," म्हणून, आठवड्यापूर्वी, माझ्याच दुकानात. गुरुजी ते विसरले होते. मीही. आणि आबाही. आबांनी बाईंकडून बाईंच्या अर्जाचा शब्द घेतला होता, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"बाई," गुरुजी हळू म्हणाले, "हे काय केलंत?"

"पाच मतं आहेत आपली. बंडू, बाक उचल. शेटे, हात वर करायला मी तुला शिकवलंय ना?"

"बाई, मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

तेवढ्यात पाटसकर आमच्या बाकापाशी आला. तो कंत्राटदार होता, आणि कंत्राटदाराला कुठलंही काम कुठं अडलंय ते पटकन दिसतं. तो बाईंशी बोललाच नाही. गुरुजींच्या कानापाशी वाकला, पण आवाज काही कमी केला नाही.

"गुरुजी, अर्ज मागं घ्या. वेळ आहे अजून. पोरीची ऑर्डर या महिन्यात. माझ्या आईची शप्पथ."

गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शेटे, तुम्ही काय कराल?"

"मी दुकानदार आहे, गुरुजी. मला विचारू नका."

ते उठून तहसीलदारांच्या टेबलाशी गेले. पाटसकरच्या चेहऱ्यावर पुन्हा इस्त्री फिरली. गुरुजींनी विचारलं, "साहेब, सभापतीच्या मुलीला मंडळाच्या मुलाखतीला बसता येतं का?"

तहसीलदार जरा गोंधळले. "बसता येतं की. तुम्ही त्या वेळी बैठकीतून उठून बाहेर जायचं, बस. सगळे करतात."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"म्हणजे... बाहेर. व्हरांड्यात."

"हं," गुरुजी म्हणाले. परत येऊन बसले. मी त्यांच्या शेजारीच होतो. ते अगदी हळू, पाठांतर केल्यासारखं म्हणाले, "नाक्यापलीकडे एकही मुलगी जाणार नाही, शेटे. आमची तर नाहीच नाही."

"मग मागं घेऊ नका. आणि मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात बसा. मी चहा पाठवतो."

ते हसले नाहीत. वेळ संपली. पाच हात वर झाले. काळोखेचा सगळ्यात उंच, कारण त्याला अजून कळलं नव्हतं की आपण रागावलोय की जिंकलोय.

दालनातून आबा आले तेव्हा त्यांच्या हातात बशी तशीच होती. "बाई, शब्द दिला होता तुम्ही!"

"आणि पाळला. माझा अर्ज मागं घेतला की नाही? गुरुजींच्या अर्जाचा शब्द हवा होता तर मागायचा होतास. चौथीपासून सांगतेय तुला, आबा, प्रश्न पूर्ण वाचत जा."

आबा तिकीट काढून घेऊ शकले नाहीत. पेपरात आलं होतं, मुंबईच्या वरिष्ठांना त्यांनी स्वतः सांगितलं होतं आणि ते का बदलायचं याचं कारण सांगणं म्हणजे आपल्याला एका निवृत्त बाईनं कसं फसवलं हे सांगणं. बाई निवडून आल्या. पुढं शिक्षण खात्याच्या कुठल्या कुठल्या समित्यांवर गेल्या, काही काळ लाल दिव्याच्या गाडीतही फिरल्या. कन्याशाळेला वरचा मजला त्यांनीच मिळवून दिला. हे सगळं खरं आहे आणि मी ते कुणासमोरही सांगेन.

उर्दू शाळेच्या मुलाखती त्यानंतर तीन-चार महिन्यांनी लागल्या. यादी मंडळापुढं आली तेव्हा पहिलं नाव दुसरंच होतं. मी प्रशासन अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "नसीम मुजावर यांनी अर्ज मागं घेतलाय." गुरुजी खुर्चीत बसून यादी वरून खाली वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी नंतर त्यांना व्हरांड्यात गाठलं. "गुरुजी, नियमात होतं ना! उठून बाहेर जायचं होतं नुसतं!"

"मी बाहेर बसलो म्हणून खुर्ची बाहेर येते का, शेटे?"

एवढं बोलून ते जिना उतरले. त्या मंडळाची मुदत संपेपर्यंत कुणी त्यांना एका पैशाला विकत घेऊ शकलं नाही, आणि शाळा हलवायचा ठराव पुन्हा टेबलावर आला नाही. नसीमचं वय मात्र संपलं.

बाईंशी यावर मी एकदाच बोललो, मुंबईहून आल्या होत्या तेव्हा. दुकानात खुर्ची टाकून बसल्या होत्या, गुडघे दुखत होते.

"बाई, गुरुजी मुलीचा अर्ज काढून घेतील हे तुम्हाला माहीत होतं का?"

"मी त्यांना काढून घ्या म्हणून सांगितलं होतं का?"

"तसं नाही विचारत. माहीत होतं का?"

बाई रस्त्यापलीकडे शाळेकडे बघत राहिल्या. मधली सुट्टी झाली होती, गोंगाट चालला होता. "दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं, शेटे? तुला? तू पाटसकरच्या दुसऱ्या चहाला फुटला असतास."

खोटं नव्हतं ते. मी चहा मागवला.

गुरुजी गेल्यानंतरच्या वर्षी कन्याशाळेचा अमृतमहोत्सव झाला. बाई पाहुण्या. गुरुजींच्या फोटोला हार, बाईंचं भाषण, भाषणात "माझे सहकारी मुजावर गुरुजी यांचा त्याग," आणि नसीमला स्टेजवर बोलावून शाल. केस पांढरे व्हायला लागले होते तिचे. एका विनाअनुदानित शाळेत ती इतकी वर्षं शिकवत होती, वर्षावर्षाच्या करारावर, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नाही. माझ्याच दुकानातून खडू न्यायची, स्वतःच्या खर्चानं.

कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या कडेला ती शाल घडी करत उभी होती. मी म्हणालो, "बाई छान बोलल्या तुझ्या अब्बांबद्दल."

"हो. बाई नेहमीच छान बोलतात." शालीची घडी तिला मनासारखी येत नव्हती, तिनं परत उलगडली. "चाचा, हिशेबात तुम्ही पक्के. मला एकदा सांगा ना. बाईंना काय मिळालं?"

"विधान परिषद."

"आणि आबांना?"

"बाई त्यांच्याच पक्षाच्या की. शिफारस त्यांची, श्रेय त्यांचं. पुढं मंत्री झाले."

"पाटसकर?"

"त्याला दुसरी जागा मिळाली, एसटी स्टँडमागं. तिथलं संकुल तर ह्या जागेपेक्षा जास्त चालतं."

"अब्बांना?"

मी हाराकडे बघितलं.

"तेही धरा," ती म्हणाली. "अब्बांना तेच हवं होतं, मी नाही म्हणत नाही. आणि शाळा राहिली, चांगलं झालं. माझ्या बहिणीच्या मुली इथंच शिकल्या. तुमचं दुकान राहिलं." तिनं शाल काखेत मारली. "बाईंनी अब्बांना विचारलं नाही, अब्बांनी मला विचारलं नाही. घरी आले, म्हणाले, अर्ज मागं घे. मी घेतला. मी काही त्या सभागृहात नव्हते, चाचा, कोकणातही आले नव्हते. मग पावती माझ्या नावानं कशी फाटली?"